द्राक्षावरील केवडा आणि आगाऊ फवारणी

शेतात रोग दिसला म्हणजे औषध आणावयास धावावे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची रीत आहे. जनावरांच्या दुखण्यात ही रीत बहुधा चालते; कारण औषध जनावराच्या अंगी लागले की बिघडलेला अवयव पुन्हा सुधारू शकतो. झाडाचे तसे नाही. बुरशीने मेलेला पानाचा भाग कोणत्याही औषधाने पुन्हा हिरवा होत नाही, आणि जळालेला घड त्या हंगामात पुन्हा येत नाही. म्हणून बुरशीनाशक औषधाचे मुख्य काम रोग बरा करणे हे नसून रोगास आत शिरू न देणे हे होय. हा एकच मुद्दा द्राक्षावरील केवड्याच्या उदाहरणाने विशद करण्याचे आम्ही योजिले आहे.

रोग शिरतो कसा

केवड्यास बागाईतदार हल्ली डाऊनी असेही म्हणतात. पानाच्या वरच्या अंगास तेलाचे बोट लागल्यासारखे पिवळसर डाग पडतात, आणि दमट रात्र गेली की त्याच डागाच्या खालच्या अंगास पांढरी लव उठते. ही लव म्हणजेच रोगाचे बीज. वाऱ्याने व पावसाच्या शिंतोड्यांनी ते शेजारच्या पानांवर जाऊन पडते. पान ओले असले तर त्या बीजातून अतिसूक्ष्म जीव बाहेर पडतात, पाण्याच्या पातळ थरातून पोहत पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांपाशी जातात व तेथून आत अंकुर घालतात. हवा उबदार असता दोन-तीन तासांचा ओलावा यास पुरतो. त्यानंतर चार ते सात दिवस, हवा थंड असल्यास अधिक दिवस, बाहेर काहीच दिसत नाही. अर्थात डाग दिसला तो रोगाचा पहिला दिवस नव्हे. रोग आठवडाभर घरात मुक्काम करून मग आपली ओळख देत असतो.

भुरी हा रोग निराळा आहे. तिची राखेसारखी भुकटी पानाच्या दोन्ही अंगांस दिसते, व तिला पानावर पाणी साचावे लागत नाही. भुरीस गंधक चालते. केवड्यास गंधकाचा उपयोग नाही. दोहोंची गल्लत झाल्यास पैसा जातो व वेळही जाते.

बोर्डो मिश्रणाची उत्पत्ती

फ्रान्स देशात हा रोग १८७८ साली प्रथम आढळला व थोड्याच वर्षांत तेथील द्राक्षबागा उजाड करू लागला. मेडॉक प्रांतातील बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे पाणी शिंपडीत. हेतू इतकाच, की निळसर डाग पाहून वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत. १८८२ साली बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांच्या नजरेस आले की, याच वेलींची पाने शाबूत आहेत. पुढे प्रयोग करून त्यांनी १८८५ साली ही कृती प्रसिद्ध केली.

हे मिश्रण पानात शिरत नाही. पानावर वाळून त्याचा थर बसतो. दव वा पाऊस पडला की त्या थरातून तांब्याचा अत्यल्प अंश पाण्यात उतरतो, आणि पोहणारे रोगजीव तेथेच मरतात. जे जीव आधीच आत शिरले, त्यांच्यापर्यंत तांबे पोहोचत नाही. आगाऊ फवारणीचे सारे मर्म एवढ्यात आले.

कृती

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो ताजा कळीचा चुना व १०० लिटर पाणी घ्यावे. मोरचूद ५० लिटर पाण्यात प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवावा. लोखंडी भांडे वापरू नये. चुना थोडथोडे पाणी घालून विरवावा, थंड झाल्यावर उरलेल्या पाण्यात कालवून गाळून घ्यावा. मग दोन्ही पाणी तिसऱ्या भांड्यात एकदम ओतीत ढवळावे. स्वच्छ लोखंडी सुरी त्यात क्षणभर धरून पाहावी. तीवर तांबूस थर आल्यास चुना कमी आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. कोवळ्या फुटीवर, फुलोऱ्यात व घडांवर ते मारू नये; पाने करपतात व मण्यांवर डाग राहतात. तेव्हा त्या काळासाठी शिफारस असलेले दुसरे संरक्षक औषध योजावे.

वेळ साधणे

गोडी छाटणीनंतर तीन-चार पाने सुटल्यापासून मणी धरेपर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. नोव्हेंबर २००९ मध्ये अवकाळी पाऊस नेमका याच अवस्थेतील बागांवर आला, आणि केवड्याने नाशिककडे बागांचे फार नुकसान केले. म्हणून ढग दाटले, पावसाचा अंदाज आला की पावसाआधी फवारा मारून तो वाळू द्यावा. फवारा पानाच्या खालच्या अंगास पोहोचलाच पाहिजे, कारण रोगाचे द्वार तेथेच आहे. काल मारलेले औषध आज निघालेल्या पानाचे रक्षण करीत नाही. यास्तव जोमाच्या वाढीत फवारणी पुन्हा करावी लागते. दाट फुटी विरळ करून वारा खेळता ठेवणे, हीही एक प्रकारची आगाऊ फवारणीच समजावी.

आंतरप्रवाही औषधे पानात शिरतात व नुकत्याच शिरलेल्या रोगास काही अंशी आवरतात, हे खरे. परंतु त्यांच्याच भरवशावर राहू नये. मेटालॅक्सिल हे औषध निघून थोडीच वर्षे झाली तोच, १९८० साली आयर्लंडमधील बटाट्यावर त्यास न जुमानणारी बुरशी आढळली, आणि पुढे द्राक्षावरील केवड्यातही तोच अनुभव आला. एकच आंतरप्रवाही औषध वारंवार मारू नये, व रोग फैलावल्यावर तर त्याचा मारा करूच नये.

सावधगिरी

डब्यावर छापलेले प्रमाण व तोडणीपूर्वी सोडावयाचे दिवस कसोशीने पाळावे. माल परदेशी पाठविणाऱ्यांनी मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू वर्षाची यादी पाहूनच औषध निवडावे. युरोपीय संघाने मँकोझेबसारख्या जुन्या औषधाचीही मान्यता २०२० साली काढून घेतली. फवारणाऱ्या माणसाच्या तोंडास फडके, हातास मोजे व अंगात पूर्ण कपडे असावेत. मजूर आपला असो वा रोजाचा, त्याच्या जिवाची जबाबदारी मालकाची आहे.

महसूल खात्यातील नोकरीत आम्ही पीक-नुकसानीचे पंचनामे पुष्कळ लिहिले. पंचनाम्यात गेलेल्या पिकाचा हिशेब होतो. गेलेले पीक परत मिळत नाही, आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ताही थांबत नाही. तहान लागल्यावर विहीर खणणारास आपण हसतो. डाग दिसल्यावर पंप शोधणाराची गोष्ट याहून निराळी नाही. यंदाच्या छाटणीपूर्वीच मोरचूद, चुना व पंपाची दुरुस्ती यांची तजवीज बागाईतदार बंधूंनी करून ठेवावी, एवढीच आमची सूचना आहे.