गाणाऱ्या पक्ष्यांची तिकिटं जमवायची तर खर्च किती?

घाटंजी तालुका टिपेश्वरच्या जंगलाला लागून आहे. पावसाळ्याच्या तोंडावर इकडे नवरंगाची शीळ ऐकू येते, आमराईत हळद्या बोलतो. 1975 साली निघालेल्या पक्ष्यांच्या संचात हे दोघेही आहेत: नवरंग 25 पैशांच्या तिकिटावर, काळ्या डोक्याचा हळद्या 50 पैशांच्या. बाकीची दोन हिमालयातल्या पक्ष्यांची, 1 आणि 2 रुपयांची. म्हणजे संचाची छापील किंमत पावणेचार रुपये. पक्षीशास्त्र नवरंगाला खऱ्या गायक पक्ष्यांत धरत नाही. माझ्या संग्रहातून मात्र तो वगळला जाणार नाही.

आज हा संच छापील किमतीला मिळणार नाही. भाव ठरतो तो अवस्थेवर. कोरं तिकीट घेताना भिंगाखाली चारही कोपऱ्यांचे दाते पाहा, मग उलटं करून उजेडात तिरपं धरा. डिंकाची चमक सगळीकडे सारखी हवी. दात्यांच्या टोकांवर डिंक ओघळलेला दिसला, तर तो मागाहून लावला असण्याची दाट शक्यता. कोऱ्याचा भाव देऊ नका. शिक्का मारलेलं तेच तिकीट बरंच स्वस्त पडतं आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. 2010 ची 5 रुपयांची चिमणी तर नातेवाइकांच्या जुन्या पाकिटांवर फुकटातही सापडेल.

नव्या तिकिटांसाठी यवतमाळच्या मुख्य डाकघरात फिलाटेली ठेव खातं उघडा. किमान 200 रुपये भरायचे. नवी तिकिटं घरपोच येतात, त्यांची किंमत खात्यातून वजा होते. मात्र पक्ष्यांखेरीज इतर विषयांचीही येतात, म्हणून अर्जात प्रत्येकी एकच नग लिहा. जपणुकीसाठी स्टॉकबुक आणि चिमटा एवढं पुरे, त्यात काटकसर नको. लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी केली की तिकीट गेलंच म्हणून समजा. पावसाळ्यात वही आडवी न ठेवता उभी ठेवा, दमट हवेत डिंक पानाला धरतो.

1994 चा पाणपक्ष्यांचा संच निघाल्यावर लगेच मागे घेतला गेला. त्यामुळे त्याचा भाव हजारांत आहे. अनुभवी संग्राहकाला दाखवल्याशिवाय तो घेऊ नका. ‘100 पक्षी, 100 देश’ असली पाकिटंही टाळा. त्यांत बहुतेक विक्रीसाठीच शिक्का मारून काढलेला माल असतो, पुढे त्याला गिऱ्हाईक नाही.

घरात सहावी ते नववीतलं मूल असेल, तर ठेव खातं त्याच्याच नावाने उघडा. दीनदयाळ स्पर्श योजनेच्या शिष्यवृत्तीसाठी असं खातं किंवा शाळेच्या फिलाटेली क्लबचं सभासदत्व लागतं. प्रश्नमंजूषा आणि प्रकल्पातून निवड झाली की वर्षाला 6000 रुपये मिळतात. प्रकल्पाला विषय हवा असेल, तर टिपेश्वरचे पक्षी आहेतच.