शस्त्रक्रियेने वजन घटले. पुढचे काम ताटाचे

स्थूलता हा केवळ शरीराच्या ठेवणीचा प्रश्न नव्हे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, सांधेदुखी, झोपेत श्वास अडकणे अशा अनेक व्याधी तिच्या पाठोपाठ येतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे २४ टक्के, तर पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के व्यक्तींचे वजन प्रमाणापेक्षा अधिक असल्याचे आढळून आले. त्यांपैकी बहुतेकांना आहार, व्यायाम व औषधोपचार पुरेसे ठरतात. तथापि ज्यांची स्थूलता या उपायांना दाद देत नाही, अशा काही रुग्णांना तज्ज्ञ शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. ती झाली म्हणजे काम संपले, अशी समजूत अनेक कुटुंबांत असते. वास्तविक खरे काम तेथून पुढे सुरू होते.

शस्त्रक्रियेने काय बदलते?

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये स्थूलतेसाठी जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया केली. तिच्या आजच्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी लहान पिशवी ठेवून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. आज मोठ्या प्रमाणावर केल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून उरलेल्या भागाची अरुंद नळी केली जाते. दोन्ही प्रकारांत खाण्याची क्षमता घटते आणि भूक व तृप्ती यांचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांतही बदल होतो.

हा बदल उपकारक असला तरी तो सर्वस्वी आपोआप टिकत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार व्यक्तींची तितक्याच अन्य स्थूल व्यक्तींशी दीर्घकाळ तुलना करण्यात आली. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले की, जठराला वळसा दिलेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले आणि दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर आली. थोडे वजन परत येणे हा शरीराचा धर्म आहे. त्याबद्दल रुग्णाला दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र ते किती परत येते, यात रोजच्या आहाराचा वाटा मोठा असतो.

प्रथिनांना पहिला मान

पहिले काही आठवडे पातळ, नंतर मऊ व त्यानंतर घट्ट अन्न, असा क्रम डॉक्टर व आहारतज्ज्ञ ठरवून देतात. त्यात स्वतःच्या मताने बदल करू नये. नेहमीचा आहार सुरू झाल्यावर दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असा सर्वसाधारण दंडक आहे. ती कमी पडल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात, थकवा येतो व केस गळतात.

महाराष्ट्रातील घरगुती जेवणातून ही गरज बऱ्याच अंशी भागू शकते. ५० ग्रॅम मूगडाळीतून सुमारे १२ ग्रॅम, दूध व दही मिळून ५०० ग्रॅममधून १६, दोन अंड्यांतून १२, ५० ग्रॅम पनीरमधून ९, तर ३० ग्रॅम मटकीच्या उसळीतून ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडी न खाणाऱ्यांना २५ ग्रॅम सोयावडी तेवढीच प्रथिने देते. मासे खाणाऱ्यांची सोय त्याहून सुलभ आहे. हे सारे एका बैठकीत मावणार नाही, म्हणून दिवसाचे पाच-सहा लहान भाग करावे लागतात. ताटातील क्रमही बदलावा लागतो. आधी वरण, उसळ, अंडे किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरल्यास शेवटी भाकरी वा भात. आपल्याकडे भाताचा पहिला ढीग वाढण्याची रीत आहे. या रुग्णांनी ती बाजूस ठेवणे इष्ट होय.

घास लहान, घाई नको

प्रत्येक घास बारीक चावून जेवणास वीस ते तीस मिनिटे द्यावीत. पोट भरल्याची पहिली खूण मिळताच थांबावे. ताटात टाकू नये या संस्कारापायी आणखी दोन घास घेतल्यास उलटी ठरलेली. यावर उपाय मुळातच कमी वाढून घेणे हा आहे. जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. मात्र दिवसभरात घोटघोट करून सुमारे दीड लिटर द्रव पोटात जाईल, असे पाहावे.

गोड पदार्थ व सरबते यांचा धोका दुहेरी असतो. ते लहान पोटातूनही सहज उतरतात आणि वजन वाढवितात. शिवाय, विशेषतः वळशाच्या शस्त्रक्रियेनंतर, साखर आतड्यात एकदम उतरल्याने अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ व जुलाब होऊ शकतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर घटून भोवळ येते. मद्य अशा शरीरात वेगाने भिनते, तर तंबाखूच्या धूम्रपानाने जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका वाढतो. वेदनाशामक गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

बरे वाटते म्हणून गोळ्या सोडू नयेत

सर्वांत मोठी चूक येथे घडते. ब-१२ हे जीवनसत्त्व शोषले जाण्यास जठरातील आम्ल व तेथेच तयार होणारा एक विशिष्ट घटक लागतो. जठर लहान झाल्यावर हे शोषण घटते. परंतु यकृतातील साठ्यामुळे उणीव बराच काळ जाणवत नाही. रुग्णाला उत्तम वाटते, गोळ्या बंद होतात आणि पुढे हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसरभोळेपणा ही लक्षणे दिसू लागतात. उशीर झाल्यास मज्जातंतूंची ही हानी पूर्णपणे भरून येत नाही. शाकाहारी व्यक्तींना हा धोका अधिक.

म्हणून ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व थायमिन यांची पूर्ती आयुष्यभर करावी लागते. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. वारंवार उलट्या होत असल्यास थायमिन झपाट्याने कमी होऊन मेंदूला इजा पोहोचू शकते. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे. पहिल्या वर्षी ठराविक अंतराने व पुढे दरवर्षी रक्ततपासणी आवश्यक असते. स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर निदान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

समाजाचा वाटा

आपल्याकडे आग्रह हे आतिथ्याचे लक्षण मानले जाते. पंगतीत जिलेबीचा आग्रह आणि नकार दिल्यास मानापमान, हे नित्याचे आहे. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, बटाटा व गोड यांवर भर पडतो. त्यात प्रथिने अत्यल्प असतात. निर्जळी उपवास तर या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून करूच नयेत. उपवास मोडवत नसेल तर दूध, ताक, दही व शेंगदाण्याचे कूट यांचा आधार घेता येतो.

ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या शब्दाला गावात वजन असते. सार्वजनिक भोजनात आग्रह न करण्याचा पायंडा ते पाडू शकतात. बैठकीत चहा-बिस्किटांऐवजी ताक किंवा मोड आलेली कडधान्ये ठेवणे अवघड नाही. कार्यालयात वा शाळेत अशा सहकाऱ्यास दोन-तीन तासांनी थोडे खाण्याची मुभा द्यावी आणि त्याच्या ताटाची चेष्टा होऊ देऊ नये. गावातील कुणी शस्त्रक्रिया करून परतले असल्यास वार्षिक तपासणीची आठवण आशा कार्यकर्तीमार्फत करून देता येईल.

शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. तिचे फळ मात्र स्वयंपाकघरात, पंगतीत आणि औषधाच्या डबीशी रोज थोडे थोडे राखावे लागते. हे राखण्यात घर आणि गाव सोबत असले, तर रुग्णाचा भार निश्चितच हलका होतो.