शिक्षकाने बांधलेल्या चालीला स्वरांची साथ

पाठ्यपुस्तकातील कवितेला स्वतः चाल बांधणारे शिक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत. चाल तयार होते, मुलेही ती आवडीने म्हणतात. अडचण येते ती साथीची. पेटीवर सतत चालच वाजविली, तर मुले पेटीला टेकून गातात आणि पेटी थांबताच त्यांचा सूर ढळतो. याकरिता चालीखाली स्वरसंघात धरण्याची रीत शिकून घ्यावी. गिटार वाजविणारे ज्याला कॉर्ड म्हणतात तोच हा संघात. सप्तकातील एकाआड एक असे तीन स्वर एकदम वाजविले, म्हणजे तो होतो.

शुद्ध स्वरांच्या चालीस आरंभी तीन संघात पुरतात : षड्जाचा सा-ग-प, मध्यमाचा म-ध-सा आणि पंचमाचा प-नि-रे. सातही स्वर या तिघांत येऊन जातात. त्यांतही केवळ सा व प हे दोन ठिकाणी सापडतात. उरलेले पाच स्वर प्रत्येकी एकाच संघातात आहेत. तेव्हा निवडीचा प्रश्न वाटतो तितका बिकट नाही.

मात्र प्रत्येक स्वराखाली संघात बदलू नये. तसे केल्यास गाण्याची चाल लंगडी होते. जेथे ठेका पडतो व जेथे स्वर थांबतो तेवढीच स्थाने पाहावीत. मधले स्वर वाटेवरचे समजून जाऊ द्यावेत. केरव्याच्या ८ मात्रांची एकेक ओळ घेऊ :

सा रे ग ग । प ग रे ऽ
म ध प म । ग रे सा ऽ

पहिल्या चार मात्रांस षड्जाचा संघात उघडच आहे. पुढे प दोन्हींकडे बसतो, परंतु ओळ रे वर थांबते. म्हणून तेथे पंचमाचा घ्यावा. तो प पासूनच धरावा की रे येताच, हे दोन्ही वाजवून कानाने ठरवावे. दुसऱ्या ओळीस आधी मध्यमाचा, ग येताच पुन्हा षड्जाचा. कडवे पुढे चालू राहावयाचे असेल, तर शेवटच्या सा खाली ध-सा-ग वाजवून पाहावे; गाणे संपले असे वाटत नाही, मुले आपोआप पुढची ओळ उचलतात.

ही रीत पाश्चात्य संगीतातील आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्य संगीत पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. आपल्या रागांना मात्र ती जपून लावावी. चाल भूपात असेल, तर म आणि नि तीत नाहीत. ध खाली मध्यमाचा संघात धरला, की वर्ज्य म आत शिरतो आणि भूप बिघडतो. तेथे ध-सा-ग घ्यावा. पंचमाच्या संघातातून नि गाळून नुसते प-रे वाजवावेत. भैरवातील चालीस, माझ्या मते, सा-प चा अखंड आधारच शोभतो. संघातांच्या नादी लागूच नये.

पेटीवाल्याचा डावा हात भात्यात गुंतलेला असतो. उजव्या हाताने संघात धरले, की चाल वाजविण्यास हात उरत नाही. हे इष्टच आहे, कारण चाल मुलांनी सांभाळावयाची असते. पण ती त्यांच्या गळ्यात पक्की बसल्यावरच हे करावे. प्रथम हलक्या आवाजात एकच संघात धरून मुले डगमगत नाहीत ना ते पाहावे, मग बदल आणावेत.

गिटार असेल तर सा पांढरी दोन धरावा. मुलांच्या गळ्यास तो सोयीचा पडतो आणि लागणारे डी, जी व ए हे तिन्ही कॉर्ड नवशिक्यालाही जमतात. पांढरी एकवर एफ लागतो. त्यासाठी एका बोटाने अनेक तारा एकदम दाबाव्या लागतात. कोणतेच वाद्य नसेल, तेथे वरच्या वर्गातील मुलांचे तीन गट करून त्यांच्याकडून सा, ग, प हे स्वर आकाराने धरवून घ्यावेत व बाकीच्यांनी पहिल्या चार मात्रा गाव्यात.