एकाच सिलिंडरचा प्लग वारंवार काळा कां पडतो?

मोटारीच्या इंजिनांतील स्पार्क प्लग काळा पडला कीं तो खोलावा, तारेच्या ब्रशानें घासावा आणि पुन्हां बसवावा, हा उपाय आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. एखाद्या वेळीं असें झाल्यास त्यांत चिंतेचें कारण नाहीं. परंतु चार सिलिंडरांपैकीं एकाचाच प्लग दर आठवड्यास काळा पडूं लागला, तर ती काजळी केवळ लक्षण समजावी. रोग अन्यत्र असतो. तो शोधण्याची रीत ठाऊक नसल्यास पालकांच्या खिशास विनाकारण मोठा खड्डा पडतो, म्हणून हा विषय आम्ही येथें घेतला आहे.

प्रथम काजळीचा अपराध काय तें पाहूं. प्लगच्या मधल्या दांड्याभोंवतीं चिनी मातीसारख्या पदार्थाचें वेष्टन असतें. तें वीजरोधक असल्यामुळें कॉइलकडून आलेल्या हजारों व्होल्टांच्या विजेस टोंकाशीं असलेली सुमारें पाऊण मिलिमीटरची फट ओलांडण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं, आणि त्या उडीचीच ठिणगी होते. काजळी म्हणजे कार्बन; तो वीजवाहक. वेष्टनावर त्याचा थर बसला कीं विजेस उडी न मारतां निसटण्याची सोपी वाट मिळते. मग ठिणगी पडत नाहीं, पेट्रोल न जळतां बाहेर जातें, आणि गाडी ‘मिसिंग’ करूं लागते. प्लगचें टोंक सुमारें ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापलें म्हणजे ही काजळी आपोआप जळून जाते. गर्दींत थांबत थांबत चालणाऱ्या गाडीचे प्लग लवकर काळे पडतात तें टोंक पुरेसें तापत नाहीं म्हणून. पण तसे ते चारही पडतात.

आमच्या परिचयाच्या एका पालकांची प्रीमियर पद्मिनी गाडी उदाहरणादाखल घेऊं. (मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ह्या गाड्या २०२३ सालापर्यंत धावत होत्या.) तिचा तिसरा प्लग पुनःपुन्हां काळा पडे. तीन नवे प्लग घालून झाल्यावर एका मिस्त्र्यानें कार्बुरेटर बदलण्यास सांगितलें, दुसऱ्यानें संपूर्ण इंजिनाचें काम काढण्यास. आतां ह्या गाडीस कार्बुरेटर एकच असतो व तोच चारही सिलिंडरांस पेट्रोल पुरवितो. कॉइलही एकच. जें चौघांचें समाईक आहे त्याच्या दोषाचें फळ एकट्या तिसऱ्यानें कां भोगावें? संशय घ्यावयाचा तो तिसऱ्याच्या खासगी मालमत्तेवर: त्याचा प्लग, त्याची तार, त्याच्या झडपा, त्याच्या पिस्टनच्या रिंगा.

प्लगचा रंग पुष्कळ सांगतो. निरोगी प्लग फिकट तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचा दिसतो. कंदिलाची वात फार वर केली असतां काचेस धरते तशी कोरडी, मऊ काजळी असेल तर पेट्रोल अधिक येत आहे किंवा ठिणगी अशक्त आहे असें समजावें. थर ओला, चिकट व चकचकीत असेल तर तें तेल होय. येथें थर ओला होता.

मग दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांच्या प्लगांची अदलाबदल केली. आठ दिवसांनीं पाहतां तिसऱ्यांत आलेला प्लग काळा, दुसऱ्यांत गेलेला स्वच्छ. प्लग निर्दोष ठरला. त्यानंतर तारांची अदलाबदल झाली; डिस्ट्रिब्यूटरवरील प्रत्येक सिलिंडरची जागा मात्र तीच ठेविली. फळ तेंच. गृहस्थ घाईचे; दोन्ही गोष्टी एकाच दिवशीं उरकाव्या असें त्यांचें म्हणणें होतें. पण दोन बदल एकत्र केले आणि दोष हलला, तर तो कोणामुळें हलला हें कोणी सांगावें?

पुढें इंजिन तापवून, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून दाबमापक लावला. चारही सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा भरला. तिसऱ्याचा कमी भरता तर प्लगच्या भोंकांतून चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजावें लागतें: दाब वाढला तर रिंगा झिजलेल्या, न वाढला तर झडप किंवा गॅस्केट. येथें ती पाळी आली नाहीं. तरी एवढ्यानें सर्व रिंगा निर्दोष ठरत नाहींत. तेल खरवडणारी खालची रिंग अडकली असतांही दाब चांगला भरूं शकतो.

निर्णय झाला तो धुरावरून. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्यें उतरूं दिली आणि तळाशीं पुन्हां पाय दाबला, तेव्हां मागें निळ्या धुराचा मोठा लोट निघाला. चढावर मात्र धूर जवळजवळ नव्हता. उतारावर हवेची वाट बंद असून चाकें इंजिनास फिरवीत असतात. त्यामुळें आंत येण्याच्या नळींत हवेचा दाब फार घटतो, आणि झडपेचा दांडा आपल्या गाइडमध्यें सैल असेल तर वरचें तेल त्या फटींतून आंत ओढलें जातें. हेड उतरविल्यावर तिसऱ्या सिलिंडरची आंत घेणारी झडप हातानें डुलत होती. ती झडप व तिचें गाइड बदललें. बोअर, पिस्टन व रिंगा यांस हात लावावा लागला नाहीं.

अशा वेळीं अधिक ‘गरम’ जातीचा प्लग घालावा असा सल्ला पुष्कळदां मिळतो. त्यानें काजळी जळते खरी, पण तेल गळतच राहतें, आणि भरधाव गाडींत तो प्लग अतिशय तापून पेट्रोल वेळेपूर्वीं पेटवूं शकतो. त्यांत पिस्टनास भोंक पडण्याचें भय आहे. आजच्या गाड्यांत बहुधा प्रत्येक सिलिंडरास स्वतःची कॉइल व स्वतःचा इंजेक्टर असतो, तेव्हां संशयितांच्या यादींत तीं दोन नांवें वाढवावीं. शिवाय मिसिंग करणारी अशी गाडी तशीच दामटूं नये. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें, आणि तो बदलण्याचा खर्च झडपेच्या कामाहूनही मोठा होऊं शकतो.