टीव्हीच्या लाइनमध्ये जायचंय? आधी नेटवर्क शिका

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या मराठी घरांत निकालानंतर हमखास निघणारा विषय: ‘पोराला टीव्हीच्या लाइनमध्ये जायचंय, पण टीव्ही आता बघतं कोण?’ पालकांची काळजी रास्त आहे. पण मोबाइलवर दिसणारी मॅचसुद्धा कुठल्या तरी कंट्रोल रूममधूनच निघते, एवढं ध्यानात घ्यावं.

१८ जुलै २०२०ला दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनच्या मैदानावर सामना चालू होता आणि स्टार स्पोर्ट्ससाठी इरफान पठाण बडोद्यातून, संजय मांजरेकर मुंबईतून, तर दीप दासगुप्ता कोलकात्यातून कॉमेंट्री करत होते. तिघेही आपापल्या घरी. त्यांना एकत्र बांधलं ते नेटवर्कनं.

स्टुडिओच्या आतही हेच घडतंय. जुन्या एसडीआय पद्धतीत एका कोअॅक्सियल केबलमधून एकच चित्र, तेही एकाच दिशेनं जातं. आयपीमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या पद्धतीत, एकाच फायबरवरून अनेक चित्रं आणि आवाज ये-जा करतात. २०१७मध्ये आलेल्या एसएमपीटीई २११० या मानकानं चित्र, आवाज आणि इतर माहितीचे प्रवाह वेगळे केले. साध्या एचडीचा एसडीआय सिग्नलच सेकंदाला सुमारे दीड गिगाबिट असतो, म्हणजे ऑफिसातला एक गिगाबिटचा स्विच इथे कामाचा नाही. वेगळे निघालेले प्रवाह पुन्हा जुळायचे, तर साऱ्या यंत्रांची घड्याळं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी जुळलेली हवीत. ते काम पीटीपी ही घड्याळं जुळवणारी पद्धत करते. ते बिघडलं, की निवेदिकेचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. शिवाय तोच डेटा दोन स्वतंत्र नेटवर्कांवरून पाठवायची सोय असते. चालू बातम्यांत एक केबल उपसली, तरी पडदा लुकलुकत नाही. बीबीसीचं कार्डिफमधलं केंद्र याच आयपी पद्धतीवर उभं आहे.

म्हणून नुसत्या चकचकीत स्टुडिओवर भुलून ‘मीडिया कोर्स’ला लाखभर रुपये भरू नका. मल्टिकास्ट (एकच प्रवाह एकाच वेळी अनेक यंत्रांना पाठवणं) आणि पीटीपी प्रत्यक्ष करून दाखवता का, हे आधी विचारा. समोरचा गडबडला, तर उठून या. त्यापेक्षा दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स किंवा आयटीचा डिप्लोमा आणि पुढे डीटूडी (डिप्लोमावरून डिग्रीला प्रवेश) हा रस्ता स्वस्त आणि मजबूत. बारावी सायन्सवाल्यांना जेईईतून सुरतेचीच एसव्हीएनआयटी आहेच. सोबत पॅकेट ट्रेसर आणि वायरशार्क या नेटवर्कच्या सॉफ्टवेअरवर हात बसवा; दांते या प्रणालीचं ऑडिओ नेटवर्किंगचं ऑनलाइन सर्टिफिकेट फुकट मिळतं. चित्राची जाणही हवी. व्हिडिओ लेव्हल न समजणारा नेटवर्कवाला कंट्रोल रूममध्ये निम्माच उपयोगाचा. खर्चामुळे बरेच स्टुडिओ अजून अर्धे एसडीआय, अर्धे आयपी आहेत, तेव्हा कोअॅक्सियल केबलला बीएनसी कनेक्टर लावता येणं आजही कामी येतं.

आता कटू गोष्ट. या कामाच्या मोठ्या जागा मुंबई-नोएडात, सुरतेत थोड्याच. रात्रपाळी असते, दिवाळीला सुट्टी मिळेलच असं नाही. मात्र हेच कौशल्य स्टेडियम, सभागृहं आणि डेटा सेंटरमध्येही चालतं.

आवड खरी आहे का, हे नवरात्रात तपासता येईल. गरब्याच्या साउंड-व्हिडिओवाल्यांकडे नऊ रात्री केबल ओढायला जा. स्टेजपासून मिक्सरपर्यंत येणाऱ्या जाडजूड मल्टिकोर केबलच्या जागी बऱ्याच ठिकाणी आता एक कॅट-सिक्स नेटवर्क केबल दिसेल. ती कशात खोचलीय, हे विचारा. आई-बाबांनी पहाटे दार उघडायची तयारी तेवढी ठेवावी.