आधी अंक, मग पुस्तक

परवा रविवारी आलास तेव्हा पिशवीतून तू आधी कथांची फाइल काढलीस आणि त्या प्रकाशकाचं पत्र नंतर. अकरा कथा, दीडशे पानं, तीनशे प्रती आणि तू भरायचे पंचेचाळीस हजार रुपये. चहा निवून गेला तरी तू माझ्या तोंडाकडेच बघत होतास. मी तेव्हा एवढंच म्हणाले की आठ दिवस थांब. आता सगळं नीट लिहून देते, म्हणजे डोंबिवलीहून येता-जाता गाडीत पुन्हा काढून वाचता येईल.

ते पैसे भरू नकोस, बाळा.

पत्र लबाडीचं आहे असं मी म्हणत नाही. पैसे घेऊन पुस्तक काढून देणं हा उघड व्यवसाय आहे आणि काही जण तो सचोटीनं करतात. पण त्या व्यवहारात तुझ्या कथेला ‘अजून जमलेली नाही’ असं सांगणारं कुणी नसतं. गिरगावातल्या छापखान्यात मी सत्तावीस वर्षं प्रुफं तपासली. स्वतःच्या पैशानं काढलेली कितीतरी पहिली पुस्तकं माझ्या हाताखालून गेली. काहींत खरोखर जीव होता. कुणी वेळेवर तीन पानं काढायला लावली असती, एखादं पात्र गाळायला सांगितलं असतं, तर ती माणसं पुढे लिहीत राहिली असती. पुस्तक आलं, नातेवाइकांत वाटलं गेलं, उरलेले गठ्ठे माळ्यावर चढले आणि लेखकही तिथेच थांबला. याचं मला आजही वाईट वाटतं.

तुझ्या फाइलपासून पुस्तकापर्यंत मध्ये एक पायरी आहे, ती म्हणजे नियतकालिक. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकाची चाल पडली. आज दर दिवाळीला शेकडो अंक निघतात आणि त्यांतल्या बहुतेकांना कथा लागतात. नव्या माणसासाठी एवढी दारं दर वर्षी उघडतात, याचं मोल ओळख. दहा कथा दहा संपादकांच्या हाताखालून गेल्या की तुझा हात आपोआप बदलतो. हे पंचेचाळीस हजारांत मिळत नाही.

पण अंकाला कथा पाठवण्याआधी तो अंक वाचायचा. हे सांगायला लागू नये, पण लागतं. आपल्या भागात त्यासाठी कुठे लांब जायला नको. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ ला सुरू झालं. ते उभं करण्यात पुढाकार होता ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या विनायक लक्ष्मण भाव्यांचा. तुझ्या घराजवळ पै फ्रेंड्स लायब्ररी आहे. कुठलंही एक धर आणि गेल्या दोन वर्षांचे दहा दिवाळी अंक घरी आण. कथा वाचच, पण मी सांगते तेही टिपून ठेव. संपादक कोण, पत्ता काय, कथा साधारण किती शब्दांच्या, ओळखीची नावं किती आणि कधी न ऐकलेली किती. ज्या अंकात तीन-चार अनोळखी नावं दिसतात, तो अंक टपाल उघडून वाचतो असं समज. तिथे पाठव.

आणि वेळ चुकवू नकोस. तू ऑक्टोबरात विचारत होतास, कुठे पाठवू म्हणून. गणपती येईपर्यंत बहुतेक अंकांची जुळणी उरकलेली असते. एप्रिल-मे महिन्यात कथा हातावेगळी कर, जूनमध्ये पाठव. मासिकं आणि रविवारच्या पुरवण्या वर्षभर चालतात, पण पुरवणीत जागा थोडी असते. तुझ्या चार हजार शब्दांच्या कथेला ती पुरायची नाही. तिथे हजारभर शब्दांचा ललित लेख पाठवून बघ. ठाकुर्लीच्या वीजघराबद्दल तू बोलतोस ना, तेच लिही.

आता प्रतीबद्दल. इथे जरा जास्त बोलते, कारण हे माझ्या हातांनी पाहिलेलं आहे.

संपादकाच्या टेबलावर चाळीस पाकिटं असतात. हल्ली पाकिटांऐवजी मेल असतील, पण डोळे तेच आणि तेही दिवसभराचे थकलेले. त्या डोळ्यांना त्रास होईल असं काहीही करू नकोस. कथा युनिकोडमध्ये टाइप कर, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडेल आणि जुळणी करणाऱ्याला पुन्हा टाइप करावी लागणार नाही. वर्डची फाइल हवी. जोडीला पीडीएफ दे, म्हणजे एखादं जोडाक्षर फुटलं तर मूळ काय होतं ते कळेल. वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे नाहीत. प्रत्येक पानावर क्रमांक, पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन आणि शब्दसंख्या. फाइलला ‘कथा फायनल २’ असलं नाव देऊ नकोस. कथेचं आणि तुझं नाव दे. सोबतचं पत्र चार ओळींचं. कथेत काय सांगायचंय ते पत्रात लिहायचं नाही, ते कथेला सांगू दे.

शुद्धलेखन संपादक बघेल, हा समज सोड. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका कुणीही पोटात घालतं, पण पहिल्याच पानावर वीस दिसल्या की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. ज्याला ‘आणि’चा ‘णि’ सांभाळता येत नाही तो माणूस सांभाळून लिहीत असेल, हे त्याला पटत नाही. अरुण फडक्यांचं ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ घे. नावाप्रमाणे खिशात मावतं. नियमांचा पाया पक्का करायचा तर मो. रा. वाळंब्यांचं व्याकरण आहे. रोज दहा मिनिटं दे, सहा महिन्यांत फरक दिसेल.

स्वतःजवळ प्रत ठेवल्याशिवाय काहीही पाठवायचं नाही. १९७९ मध्ये मी माझी पहिली मोठी कथा कार्बन न लावता लिहिली आणि एकुलती प्रत टपालात टाकली. ती कुठेच पोचली नाही. पुन्हा लिहायला बसले, पण पहिल्या खेपेस जे आलं होतं ते आलं नाही. त्या कथेतली सुईण अजून माझ्या डोळ्यांसमोर येते. तुझ्याकडे आता पेन ड्राइव्ह आहे, मेल आहे, हलगर्जीपणाला जागाच नाही.

एक वही कर. कथेचं नाव, कुठे पाठवली, कोणत्या तारखेला, काय उत्तर आलं, असे चार रकाने. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी. तीन महिने वाट बघ, मग एकदाच नम्रपणे विचार. तरी उत्तर नाही आलं तर ‘कथा मागे घेत आहे’ असं कळव आणि दुसरीकडे पाठव. न कळवता दोन अंकांत एकच कथा छापून आली, तर दोन्ही संपादक तुझं नाव कायमचं लक्षात ठेवतात.

कथा साभार परत येतील. आमच्या वेळी तसा छापील कागद यायचा, आता बरेचदा काहीच येत नाही, आणि ते जास्त लागतं. पण कधी परत आलेल्या कथेवर हातानं लिहिलेली ओळ असली, तर ती जपून ठेव. माझी एक कथा परत आली तेव्हा समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘बाई स्टेशनवर पोचते तिथून सुरू करा.’ म्हणजे पहिली साडेतीन पानं उडवायची. मला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या रात्री ती पानं बाजूला काढली आणि उरलेली कथा वाचली. त्या संपादकांचं बरोबर होतं. तीच कथा पुढच्या वर्षी दुसऱ्या अंकात आली. ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहून पुनर्लेखन करायला लावत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झालं. तसं पत्र लिहायला आज कुणाला सवड नसते, म्हणून एक ओळ आली तरी ती पत्राएवढी मान.

संपादकाकडे जाण्याआधी कानावर पडलेली कथा हवी. मित्रांना वाचायला देऊ नकोस, वाचून दाखव. ऐकणारा कुठे हलतो, कुठे फोनकडे बघतो, ते दिसतं. डोंबिवलीत काव्यरसिक मंडळ आहे, ठाण्यात कट्टे आहेत; पहिले सहा महिने नुसता ऐकायला जा. तुझ्या ‘भराव’ कथेतली म्हातारी आगरी आहे, पण बोलते आमच्या नौपाड्यासारखी. तुमच्या सोसायटीच्या मागे गावठाणात आगरी घरं आहेत. तिथल्या एखाद्या आजींसमोर बस आणि तिचे संवाद वाचून दाखव. त्या जिथे हसतील तिथे तू चुकलास. दुरुस्त करून पुन्हा जा. ही तुझी सगळ्यात चांगली कथा आहे, म्हणून एवढं सांगते.

आणि पुण्यात किंवा गिरगावात राहत नाही म्हणून खंत करत बसू नकोस. पु. भा. भावे डोंबिवलीत राहिले, शं. ना. नवरे डोंबिवलीत राहिले. २०१७ चं नव्वदावं साहित्य संमेलन तुझ्या गावात भरलं, त्याआधी २०१० चं आमच्या ठाण्यात.

पुस्तकाचं बघू आठ-दहा कथा छापून आल्यावर. तेव्हा राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्याच पुस्तकासाठी. जाहिरात आली की नियम नीट वाचून अर्ज कर. प्रकाशकही नव्या माणसाला घेतात. ‘ग्रंथाली’नं १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं, १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’. त्या पुस्तकांनी काय केलं ते तुला माहीत आहे.

करार मात्र लेखी हवा. किती प्रती, रॉयल्टी किती टक्के, हिशेब कधी, हक्क किती वर्षांसाठी, हे त्यात स्पष्ट पाहिजे. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून ‘कायमचे’ हा शब्द दिसला तर सही करू नकोस, आधी मला दाखव. तुझ्या त्या पत्रात तो दुसऱ्या पानावर तळाशी आहे. शिवाय आयएसबीएनसाठी वेगळे पैसे मागितले आहेत. आपल्या देशात तो क्रमांक सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो.

त्या प्रकाशकाला दोन ओळींत नकार कळव, आभार मानून. पुढच्या रविवारी ‘भराव’ची एकच प्रत आण, दोन ओळींत भरपूर जागा सोडून छापलेली. येताना वाचनालयातून दोन अंक उचल. मी पेन्सिल टोकून ठेवते. सकाळी दहाला ये, जेवायला थांब. पहिल्या चार पानांवरच आपला दिवस जाईल असं वाटतंय.