गणिती चिन्हांची परीक्षा

साध्या गद्यात एखादे अक्षर चुकीचे छापले गेले, तर वाचक ते बहुधा मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. ‘पुस्तक’ या शब्दातील उकार गळला, तरी शब्द ओळखता येतो. गणितातील सूत्राला मात्र ही सवलत नसते. तेथे अंकाची जागा बदलली की किंमत बदलते आणि नवे सूत्रही दिसायला तितकेच निर्दोष दिसते. म्हणून गणिती मजकूर छापण्यापूर्वी किंवा पडद्यावर ठेवण्यापूर्वी तो नीट उमटतो की नाही, याची वेगळी परीक्षा घ्यावी लागते. ती कशी घ्यावी, हे या पाठात पाहू. येथील सूत्रे मुद्दाम शब्दांत सांगितली आहेत. वाचकाने ती कागदावर मांडीत पुढे जावे.

जागेवरून अर्थ ठरणे ही गोष्ट देवनागरी वाचणाऱ्याला नवी नाही. मात्रा वर, उकार खाली, आणि ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारात मागून येऊनही अक्षराच्या आधी लिहिली जाते. आपल्या जुन्या बीजगणितातही हेच तत्त्व होते. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात (इ. स. ११५० च्या सुमारास) अव्यक्त राशीसाठी ‘या’, व्यक्त संख्येसाठी ‘रू’ ही अक्षरे येतात आणि ऋण संख्येच्या डोक्यावर बिंदू दिला जातो. ‘या ५ रू ८’ असे लिहून आठावर बिंदू दिला, तर त्याचा अर्थ अव्यक्ताच्या पाचपटीतून आठ वजा. अव्यक्ताची किंमत ४ धरली, तर उत्तर १२ येते. लेखकाच्या हातून तो बिंदू राहिला, तर तेच पद २८ होते. एका टिंबाने एवढा फरक पडतो, आणि टिंब नसलेल्या ओळीकडे पाहून काही चुकले आहे अशी शंकाही येत नाही.

छपाईच्या युगात ही अडचण वाढली. बेंगळुरू हे या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे शहर आहे. ‘करंट सायन्स’ हे नियतकालिक तेथून १९३२ पासून निघते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ मध्ये तेथेच भारतीय विज्ञान अकादमीची स्थापना केली, आणि अकादमीची संशोधनपत्रिका त्याच वर्षी सुरू झाली. विद्यार्थी व शिक्षक यांच्यासाठी अकादमी १९९६ पासून ‘रेझोनन्स’ हे मासिकही काढते. खिळ्यांच्या काळात अशा पत्रिकांचे एकेक सूत्र म्हणजे जुळाऱ्याची कसोटीच असे. घातांकाचा बारीक खिळा ओळीच्या वर टिकावा म्हणून त्याच्याखाली कोऱ्या धातूची पट्टी बसवावी लागे. अपूर्णांकाची रेघ वेगळी, मूळचिन्हावरची आडवी रेघ वेगळी. एखादी पट्टी सैल राहिली की घातांक खाली घसरे.

आज खिळे गेले. घसरण्याचे प्रकार मात्र गेले नाहीत. जुन्या अंकांची पाने छायाचित्ररूपाने संगणकावर आणली जातात आणि यंत्र त्यांतील अक्षरे ओळखते. पानाच्या चित्रात दहाचा पाचवा घात शाबूत दिसतो. पण त्यामागे यंत्राने वाचलेल्या मजकुरात तो पुष्कळदा ‘१०५’ होऊन बसतो. त्याहून धोक्याचे उदाहरण टंकाचे आहे. ‘सिम्बॉल’ या प्रचलित टंकात ग्रीक ‘म्यू’ हे अक्षर रोमन ‘एम’च्या जागेवर बसविलेले आहे. ज्या संगणकावर तो टंक नाही, तेथे ‘म्यू’ऐवजी ‘एम’ उमटू शकतो. म्हणजे औषधाच्या मात्रेतील मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो आणि मात्रा १००० पटींनी वाढते. रिकामा चौकोन उमटला असता, तर वाचक निदान थबकला असता. येथे थबकण्याचे कारणच उरत नाही.

आता परीक्षेकडे वळू. एखादे सूत्र नमुना म्हणून घ्यावे आणि ते नीट दिसते का पाहावे, एवढे पुरेसे वाटते. पण नमुना कोणता, यावर सारे अवलंबून आहे. इंग्लंडमधील कूटप्रश्नकार हेन्री ड्यूडनी यांनी १९१७ च्या आपल्या पुस्तकात मुद्रकाच्या चुकीवर एक गमतीदार प्रश्न दिला आहे. चार अंक असे निवडा की, दुसरा व चौथा घातांक म्हणून वर छापले काय, किंवा चुकून चारही एका ओळीत छापले काय, किंमत तीच राहावी. उत्तर असे : दोनचा पाचवा घात गुणिले नऊचा वर्ग. ३२ × ८१ = २५९२; आणि घातांक खाली घसरले तरी २५९२ च. कोडे म्हणून हे सुंदर आहे. परीक्षेचा नमुना म्हणून ते अगदी निरुपयोगी आहे, कारण चूक झाली तरी ते उत्तीर्ण होते. दोनचा वर्गही असाच फसवा : २ + २, २ × २ आणि दोनचा वर्ग या तिन्हींची किंमत ४ च.

यावरून नियम निघतो : ज्या नमुन्यात प्रत्येक संभाव्य चुकीची किंमत वेगळी येते, तोच नमुना घ्यावा. काही उदाहरणे पाहा.

१. घातांक : दोनचा दहावा घात. बरोबर उमटला तर १०२४. घसरला तर २१०.

२. घातावर घात : दोन, त्याच्या वर तीन, त्या तीनच्याही वर दोन. बरोबर किंमत ५१२. वरचे दोन्ही अंक एकाच उंचीवर आले, तर दोनचा ३२ वा घात होतो.

३. मूळचिन्ह : √(९ + १६) = ५. कंस न घालता आडवी रेघ वापरली आणि ती नऊवरच संपली, तर १९.

४. अपूर्णांक : अंशस्थानी १२ + ६, छेदस्थानी ३ + ३. किंमत ३. तोच कंसाविना एका ओळीत ‘१२ + ६ ÷ ३ + ३’ असा आला, तर १७.

५. ऋण घातांक : दहाचा ऋण तिसरा घात. किंमत ०.००१. वजाचे चिन्ह गळाले, तर १०००.

मराठी पानावर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. देवनागरी ‘१’ आणि इंग्रजी नऊ यांत साम्य असल्यामुळे एकाच सूत्रात दोन्ही लिप्यांचे अंक मिसळू देऊ नयेत. तसेच वजाचे चिन्ह आणि शब्द जोडणारी आडवी रेघ ही दोन वेगळी चिन्हे आहेत. ओळीच्या शेवटी आलेले वजाचे चिन्ह वाचकाला शब्द तोडण्याची खूण वाटता कामा नये.

संगणकाच्या जगातही हाच विचार दिसतो. डोनाल्ड कनुथ यांना १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाची मुद्रिते पसंत पडली नाहीत, म्हणून त्यांनी गणिती मजकुरासाठी ‘टेक’ ही जुळणीप्रणाली स्वतःच रचली. तिच्या परीक्षेसाठी त्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला मजकूर मुद्दाम वेडावाकडा आहे. त्याला वाचनीय अर्थ नाही. प्रणाली जेथे जेथे अडखळू शकेल, तेथे तेथे तिला नेणे एवढाच त्याचा हेतू.

शेवटी वाचनाविषयी. मुद्रितशोधनात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने मुद्रित पाहावे, ही जुनी रीत आजही उत्तम आहे. मात्र ‘वर्गमूळ नऊ अधिक सोळा’ एवढे वाचून भागत नाही. मूळचिन्ह कोठे सुरू होते व कोठे संपते, हे उच्चारून सांगावे. दुसऱ्याने ऐकलेले सूत्र कोऱ्या कागदावर मांडून किंमत काढावी आणि ती मूळ प्रतीवरून काढलेल्या किमतीशी ताडून पाहावी.

स्वाध्याय

१. तीनचा वर्ग हा घातांकाच्या परीक्षेसाठी नमुना म्हणून चालेल का? घातांक खाली घसरल्यास आणि पूर्णपणे गळाल्यास मिळणाऱ्या किमती काढून उत्तर द्या.

२. एकचा पाचवा घात हा नमुना घेतला, तर वरीलपैकी कोणती चूक नजरेतून सुटेल?

३. आपल्या पाठ्यपुस्तकातील एक सूत्र निवडा. त्यात किती ठिकाणी चूक होऊ शकते ते मोजा आणि प्रत्येक चुकीची किंमत वेगळी येईल असे अंक त्यात घाला.